ढाळजेतलं वायफाय परसातल्या खोलीपर्यंत

मराठवाड्यात फायबरचं नेट घरात येतं ते पुढच्या दारानं. खांबावरून ओढलेली काळी वायर दाराला लागून असलेल्या ढाळजेत नाहीतर बैठकीत उतरते. केबलवाला पोरगा जवळचा रिकामा प्लग पॉइंट बघतो, तिथंच भिंतीला पेटी, म्हणजे राउटर, ठोकतो, फोनवर स्पीड दाखवतो आणि पुढच्या घरी निघून जातो. घरात नेट लागतं ते मात्र भलतीकडंच. नीटची तयारी करणाऱ्या लेकराला मागच्या खोलीत, आजोबांच्या टीव्हीला माजघरात, घरून काम करणाऱ्या सुनेला माडीवर आणि कॅमेऱ्याला गोठ्याच्या दारावर.

मग कुरकुर सुरू होते, आणि बहुतेक घरांत तिच्यावर एकच इलाज होतो: बाजारातून रिपीटर, म्हणजे वायफाय पुढं ढकलणारी छोटी पेटी, आणायचा आणि जिथं नेट येत नाही त्याच खोलीत तो लावायचा. हजार-दीड हजार रुपये जातात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. लांबच्या खोलीत चांगलं वायफाय हवं असेल, तर तिथवर वायर न्या आणि हवेतून जायचं काम शेवटच्या दहा-पंधरा फुटांपुरतं ठेवा. असं का, आणि वायर नेणं जमतच नसेल तर काय, हे नीट बघू.

आधी मोजून घ्या

दुखणं लाइनचं आहे की वायफायचं, हे पहिल्यांदा ठरवायला हवं. पेटीपासून दोन पावलांवर उभं राहा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि तिथं ८०-९० मिळत असेल, तर लाइन ठणठणीत आहे. तिथंच दहा-बारा मिळत असेल, तर तक्रार केबलवाल्याकडं न्या. अशा वेळी घरात कितीही पेट्या लावल्या तरी जे मुळात आलंच नाही ते पुढं जाणार कुठून?

लाइन ठीक निघाली की मग घरभर फिरून सिग्नल मोजा. फोनच्या कोपऱ्यातल्या त्या तीन-चार रेघांवर विसंबू नका, त्या फार ढोबळ असतात. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची फुकट अ‍ॅप्स मिळतात, त्यांत सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल तगडा. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ च्या पलीकडं मेसेज जातात पण व्हिडिओ अडखळतो. उणे ८५ ला फोन 'कनेक्टेड' दाखवतो, पान मात्र उघडत नाही.

या मोजपट्टीची एक खुबी लक्षात ठेवा. १० डीबीएमनं आकडा घसरला की सिग्नल दहावा हिस्सा उरतो. उणे ५० वरून उणे ८० ला येणं म्हणजे सिग्नल थोडा कमी होणं नव्हे, तो हजाराव्या हिश्शावर येणं.

अंबाजोगाईत माझ्या मावशीचं जुनं घर आहे. पुढं ढाळज, मग चौक, चौकाच्या कडेनं ओसरी, आत माजघर आणि सगळ्यात मागं परसात नंतर बांधलेली पत्र्याची खोली. तिचा नातू तिथं अभ्यासाला बसतो. बसायचा, असं म्हणायला हवं. "लेकरू रातच्याला ओसरीत येऊन बसतंय बाबा, तिथं डासं फोडून खातेत," हे मावशीचं गाऱ्हाणं. फोन हातात धरून आम्ही दोघं ढाळजेपासून परसापर्यंत चालत गेलो. पेटीजवळ उणे ३८. चौकात उणे ५५, कारण मधे फक्त एक उघडं दार आणि मोकळी हवा. माजघराचा उंबरा ओलांडून भिंतीच्या आडोशाला गेलं की एकदम उणे ७२. म्हणजे त्या एका भिंतीनं १७ डीबी खाल्ले. पन्नास हिश्शांतला एक हिस्सा पलीकडं पोचला, बाकीचे दगडात जिरले. परसातल्या खोलीत दार उघडं असताना उणे ८३ आणि दार लावलं की यादीतून नावच गायब.

एवढं कळलं की पुढचं निम्मं काम झालं. कुठली भिंत सिग्नल अडवते हे माहीत असलं, की पेटी तिच्या कुठल्या बाजूला हवी हे आपसूक ठरतं.

भिंत, पत्रा, पाणी आणि कूलर

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. घरगुती पेट्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटरची. पहिली भिंतींतून तुलनेनं बरी जाते, पण तिचा वेग कमी आणि गर्दी जास्त. दुसरी वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. पेटी दोन नावं दाखवते आणि एकापुढं '५जी' लिहिलेलं असतं ते याच ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.

वायफायबद्दलचा बहुतेक सल्ला प्लायवूडच्या किंवा जिप्समच्या पातळ भिंती डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडची घरं तशी नाहीत. जुन्या गावठाणातल्या काळ्या दगडाच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यात ही माती ओल धरते, आणि ओल्या भिंतीतून सिग्नल कोरड्या भिंतीपेक्षाही कमी जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात याच दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. त्यानंतर लातूर-धाराशिवकडं लोकांनी जाड भिंतींची धास्ती घेतली आणि कॉलम-बीमची, स्लॅबची घरं बांधली. ते जिवासाठी योग्यच झालं. वायफायला मात्र स्लॅबही सोपा नाही. काँक्रीट लहरी शोषतं आणि आतली सळई त्या परतवते. म्हणून खालच्या मजल्यावरची पेटी माडीवर पुरत नाही. नऊ इंची विटेची भिंत या सगळ्यांत बरी. अशा एक-दोन भिंती २.४ ची लहर निभावून नेते.

पत्रा ही वेगळीच गोष्ट. लोखंडी पत्र्यातून लहर जवळपास जातच नाही, आपटून माघारी फिरते. पत्र्याच्या खोलीत जो काही सिग्नल येतो तो दारातून, खिडकीतून आणि फटींतून. मावशीच्या परसातलं दार लावलं की नाव गायब व्हायचं ते यामुळंच. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांचाही हाच गुण, आरशाच्या मागं धातूचा लेप असतो. आणि पाणी २.४ च्या लहरी चांगल्याच शोषतं. आपल्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं भिंतीला लागून भरलेले ड्रम आणि टाक्या घरोघरी असतात. पेटी आणि खोली यांच्या मधोमध अशी ड्रमांची रांग असेल तर ती एका भिंतीसारखीच धरा.

उन्हाळ्यात हमखास ऐकू येणारी तक्रार आहे, "मार्चपर्यंत नेट चांगलं चालत होतं, आता काय झालं कोण जाणे." दर वेळी दोष लाइनचाच असतो असं नाही. मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो. पत्र्याची पेटी, आत टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंनी भिजलेल्या वाळ्याच्या जाळ्या. ज्या खिडकीतून सिग्नल खोलीत शिरत होता तिलाच तो बूच बसवतो. कूलर हलवता येत नाही, ४२-४३ अंशांत कुणी हलवणारही नाही. पण कारण माहीत असलं तर निदान केबलवाल्याशी वाद तरी घालावा लागत नाही.

भिंत कशी ओलांडली जाते यालाही महत्त्व आहे. नऊ इंची भिंत लहरीनं समोरासमोर ओलांडली तर नऊच इंच. फार तिरपी ओलांडली तर आतल्या आत तिला दोन फूट जावं लागतं. म्हणून पेटी अशा जागी हवी की भिंती शक्यतो सरळ आडव्या येतील, आणि त्यातही दारांच्या रेषेत हवी. जुन्या घरांत ढाळजेचं, ओसरीचं आणि माजघराचं दार बरेचदा एका ओळीत असतं, त्याचा फायदा घ्या.

आता एक गैरसमज. "मोठ्या अँटेनाचा राउटर घेतला की झालं" असं दुकानदार छातीठोक सांगतो. पण वायफाय हे दुतर्फा बोलणं आहे. ढाळजेत बसलेल्या आजोबांनी खणखणीत हाक मारली तर ती परसात ऐकू येते, परसातल्या लेकरानं हळू आवाजात दिलेली ओ मात्र ढाळजेपर्यंत पोचत नाही, आणि आजोबा पुन्हा पुन्हा हाक मारत राहतात. फोनची बॅटरी आणि अँटेना दोन्ही लहान, त्यामुळं त्याचा आवाज राउटरपेक्षा नेहमीच बारीक. म्हणून रेघा भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. मोठ्या अँटेनाला ऐकूही थोडं जास्त येतं हे खरं, पण दोन फुटी दगडी भिंतीपुढं ते अपुरं पडतं. फोनच्या जवळ कुणीतरी ऐकणारं यंत्र ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

पैसे न घालता जे होतं ते

खर्चात पडण्याआधी पेटी हलवून बघा. ती टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटात किंवा जमिनीलगत असेल तर काढून छातीच्या वर, मोकळ्या जागी ठेवा. उभ्या अँटेनाचा सिग्नल चारी दिशांना आडवा पसरतो आणि थेट डोक्यावर सगळ्यात कमी जातो. माडीवर सिग्नल हवा असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करा. फायबरची वायर स्वतः ओढून पेटी हलवू नका. आतली काच बारीक असते, फार वाकली की प्रकाश गळतो आणि पेटीवर लाल दिवा लागतो. हे काम केबलवाल्याकडूनच करून घ्या. नवीन जोडणी घेताना तर आधीच सांगा, "पेटी ढाळजेत नको, घराच्या मधे बसवा." त्या वेळी दहा-वीस मीटर वायर जास्त लागते एवढंच.

शहरात आणखी एक अडचण असते ती गर्दीची. लातूरच्या ट्युशन एरियात एकेका इमारतीत मजल्यागणिक पोरांच्या खोल्या आणि खोल्यांगणिक राउटर. तिथं सिग्नल उणे ५० असूनही नेट रखडतं, कारण २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्टीतल्या वाटा, तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका चॅनलवरच्या सगळ्या पेट्यांना आळीपाळीनंच बोलावं लागतं. अ‍ॅनालायझरमध्ये कुठला चॅनल रिकामा आहे ते दिसतं, तो राउटरमध्ये कायमचा लावून टाका. त्याहून बरं म्हणजे खोली लहान असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा. ती लहर भिंतीपलीकडं फारशी जात नाही, हा तिचा दोष इथं गुण ठरतो, शेजाऱ्याचा सिग्नलही तुमच्याकडं येत नाही.

रिपीटर कुठं चालतो

रिपीटर नेट तयार करत नाही. जे त्याला ऐकू येतं तेच तो पुन्हा बोलतो. मागच्या खोलीत उणे ८३ चा सिग्नल असेल आणि तिथंच रिपीटर लावला, तर तो त्या मोडक्या सिग्नलचीच नक्कल करतो. फोनवर रेघा भरतात, वेग वाढत नाही. रिपीटर हवा तो वाटेत, जिथं अजून उणे ६०-६५ च्या आसपास सिग्नल आहे तिथं.

दुसरी अडचण त्याच्या घडणीतच आहे. स्वस्त रिपीटरमध्ये एकच रेडिओ असतो. त्याच चॅनलवर त्याला राउटरचं ऐकायचं आणि फोनशी बोलायचं असतं, आणि दोन्ही एकाच वेळी जमत नाही. त्यामुळं प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर राउटरशी ५ वर आणि फोनशी २.४ वर बोलू शकतो, म्हणून घ्यायचाच तर तसा घ्या. भाड्याच्या घरात, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसताना, एका नऊ इंची भिंतीपलीकडं थोडं नेट हवं असेल, तर रिपीटर हे ठीक उत्तर आहे. वाड्याला नाही. आणि रिपीटरपुढं रिपीटर लावू नका.

वायर, जी कुठल्याही भिंतीला भीत नाही

नेटवर्कची साधी वायर, कॅट ५ई किंवा कॅट ६, १०० मीटरपर्यंत १,००० एमबीपीएस वाहून नेते. मधे दगड असो, माती असो की स्लॅब, तिला फरक पडत नाही. आपलं सगळ्यात लांबलचक घरसुद्धा १०० मीटरच्या आत बसतं. या वायरच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावला, की त्या खोलीत जणू नवीन राउटर बसल्यासारखं होतं आणि वेग निम्मा होत नाही.

वायर घेताना एक गोष्ट बघाच. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर भरपूर मिळते, स्वस्तात. दुकानातच एक तार काढून ब्लेडनं खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती घेऊ नका. ती वाकवताना तुटते, लांब अंतरावर दगा देते आणि तिच्यातून वीज न्यायची वेळ आली तर तापते. वायर ओढणाऱ्याला हेही सांगा की आठच्या आठ तारा कनेक्टरमध्ये बसव. चारच बसवल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं.

भोक पाडायला भिऊ नका, पण जुन्या दगडी भिंतीत उगाच पाडूही नका. माळवदाच्या झरोक्यातून, दाराच्या चौकटीच्या कडेनं किंवा विजेच्या पट्टीशेजारून बहुतेक वेळा वाट सापडते. विजेच्या तारा आणि ही वायर एकाच पाइपातून नेऊ नका. बाहेरून, छतावरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची वायर घ्या आणि ती पाइपात घाला. साधी करडी वायर आपल्या उन्हात तडकते, आणि उरलेली उंदीर-खारी बघून घेतात.

अ‍ॅक्सेस पॉइंट विकतच आणायला हवा असंही नाही. बहुतेक घरांत जुना राउटर माळ्यावर पडलेला असतो. तो चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढा निवडला की झालं. नसेल तर हातानं करायचं. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याचा १९२.१६८.१.२ करा, म्हणजे दोघं एका पत्त्यावर भांडणार नाहीत. मग जुन्यातलं डीएचसीपी बंद करा. हे विसरलं की सगळ्यात जास्त डोकेदुखी होते. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटणारी सोय. दोन ठिकाणांहून पत्ते वाटले गेले की काही फोनना बाहेरची वाट चुकीची कळते आणि 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं दिसतं, तेही कधी एका फोनवर, कधी दुसऱ्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनल वेगळा ठेवा. शेवटी वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात घाला, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही.

नाव एकच ठेवलं की फोन एका पेटीवरून दुसरीवर आपोआप जायला हवा. प्रत्यक्षात तो जुन्या पेटीला चिकटून बसतो, सिग्नल अगदी खालावेपर्यंत सोडत नाही, कारण पेटी कधी बदलायची हे फोन ठरवतो. त्यावर उपाय उलटा वाटेल, पण लागू पडतो: मुख्य राउटरची २.४ ची ताकद सेटिंगमधून मध्यमवर आणा. फोन तिला लवकर सोडतो.

मावशीकडं आम्ही हेच केलं. ढाळजेतून वायर माळवदाच्या कडेनं परसात नेली, पत्र्याच्या खोलीत, आतल्या बाजूला, जुना राउटर टांगला. त्या खोलीत आता उणे ४१ येतं. शिवाय जो पत्रा सिग्नल आत येऊ देत नव्हता तोच आता तो बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं त्या खोलीत नेटला जोर भारी आहे. टीव्ही आणि कॉम्प्युटर जागेवरून हलत नाहीत, त्यांना थेट वायरच लावा. तेवढीच हवेतली गर्दी कमी.

मेश म्हणून जे दोन-तीन डब्यांचे संच मिळतात त्यांचा बराच बोलबाला आहे. ते चांगले असतात. डबे आपसांत समजून चालतात आणि फोनला योग्य डब्याकडं जायला मदत करतात. पण डब्याडब्यांतलं बोलणं हवेतून असेल तर त्यांच्याही वाटेत तीच दोन फुटी भिंत येते. विटेच्या बंगल्यात, डबे दारांच्या रेषेत ठेवून, मेश उत्तम चालतं. दगडी वाड्यात मेशच्या डब्यांनाही मागून वायर द्या, मग ते पैसे वसूल करतात. विजेच्या तारांतूनच नेट नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण दोन्ही पॉइंट एकाच फेजवर लागतात आणि आपल्या जुन्या वायरिंगवर त्यांचा भरवसा धरवत नाही. मी ते सुचवत नाही.

गोठा, शेत आणि आभाळातली वीज

घरापासून वेगळ्या इमारतीत, म्हणजे गोठ्यात किंवा अंगणापलीकडच्या घरात नेट न्यायचं असेल तर तांब्याची वायर उघड्यावरून ताणू नका. एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि मिरगाच्या पहिल्या पावसात मराठवाड्यात विजा किती पडतात हे वेगळं सांगायला नको. वीज थेट वायरवर पडावीच लागते असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. दोन इमारतींमधे फायबरची वायर घाला आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटवर्कची वायर जोडणारी डबी, लावा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त ताण सहन करायला आत लोखंडी तार नसलेली फायबर मागा, नाहीतर वीज त्या तारेतून येईल. शंभर मीटरची मर्यादाही इथं उरत नाही.

शेतातल्या कोठ्यावर कॅमेरा बसवायचा असेल आणि घराच्या छतावरून कोठा दिसत असेल, तर दिशादर्शक अँटेनाची जोडी लावता येते, एक छतावर, एक कोठ्यावर, तोंड समोरासमोर. ५ गिगाहर्ट्झवर अर्धा-एक किलोमीटर सहज निघतो. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत राहिलं तर त्याला वेगळा परवाना लागत नाही. अट एकच, मधे काही येता कामा नये, आणि नुसतं डोळ्यांना दिसणं पुरत नाही. अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात मधोमध लहरीला आपल्या रेषेभोवती साधारण अडीच मीटर त्रिज्येची जागा लागते, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त तरी मोकळी हवी. सोयाबीन, हरभरा यांनी काही बिघडत नाही. ऊस असेल तर हिशोब लागणीच्या दिवशीचा धरू नका, तोडणीच्या वेळचा धरा. दहा-बारा फुटांचा, पाण्यानं भरलेला ऊस मधे उभा राहिला की लावणीच्या वेळी झकास चाललेली जोडणी बंद पडते. त्याच्या वर पाच-सहा फूट मोकळे राहतील एवढा पाइप आधीच उभा करा. रेषच मिळत नसेल, मधे आंब्याची बाग किंवा टेकाड असेल, तर नाद सोडा आणि कोठ्यावर सिमकार्डचा ४जी राउटर लावा. शेतीच्या फीडरला वीज ठराविक तासच असते, म्हणून या दोन्हींना छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी लागेल.

लाइट गेल्यावर

घरात इतकं सगळं करून लाइट गेली की नेट जातंच, असं खूप घरांत होतं. ढाळजेतली पेटी इन्व्हर्टरवर असते पण मागच्या खोलीतला पॉइंट नसतो. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर त्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास काढतो. थेट भिंतीच्या पॉइंटमध्ये बसणाऱ्या रिपीटरला हा यूपीएस लावताच येत नाही, कारण त्याला २३० व्होल्टच लागतात.

वायर नेली असेल तर याहून सोपी वाट आहे. नेटवर्कच्या त्याच वायरीतून वीजही नेता येते, त्याला पीओई म्हणतात. ढाळजेत इन्व्हर्टरच्या पॉइंटवर एक इंजेक्टर, म्हणजे नेटवर्कच्या वायरीत वीज सोडणारी डबी, लावायचा आणि मागच्या खोलीत पीओईवर चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट. मग तिथं प्लगची गरजच नाही, लाइट जावो की राहो. जुना राउटर असा चालत नाही, त्यासाठी नवा घ्यावा लागतो. घेताना इंजेक्टर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच जातीचे आहेत ना ते डब्यावर वाचा. काही २४ व्होल्टचे असतात आणि न विचारता वीज सोडतात, तर ४८ व्होल्टचे प्रमाणित असतात ते समोरचं यंत्र ओळखून मगच सोडतात. चुकीची जोडी लावली तर अ‍ॅक्सेस पॉइंट सुरूच होत नाही, नाहीतर कायमचा जातो. संच म्हणून एकत्र मिळणारी जोडी घेतली तर हा घोळ होत नाही.